मागे आभाळ पाहिजे

ज्या तिखटानं तुमची आजची भाजी लाल झाली, ते वाळवणाऱ्या बाईचा चेहरा तुम्ही कधी पाहिला आहे का? उत्तर 'नाही' असेल तर लगेच लाजू नका. तिच्या तोंडाला फडकं असतं, कपाळापर्यंत रुमाल असतो, साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट असतो आणि हातात मोजे असतात. दिवसभर शेजारी बसून देठ खुडणारी बाईसुद्धा तिला आवाजावरून ओळखते. मी तिचा चेहरा पाहिला, कारण ती आमच्याच घरात राहायची. ती माझी फुई, म्हणजे बाबांची मोठी बहीण हिरा. नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या रानात ओली लाल मिरची पसरून वाळवतात, त्या जागेला आमच्याकडे पथारी म्हणतात. मला आठवतं तेव्हापासून फुई हिवाळाभर पथारीवर जायची आणि घरी आली की आम्ही सगळे शिंकायचो. मांजरसुद्धा शिंकायचं. फुई आंघोळ करून येईपर्यंत घरात कुणी कुणाशी बोलत नसे, कारण बोलायला तोंड उघडलं की ठसका लागायचा. मग ती शांतपणे दूध-भाकर कुस्करून खायची. अर्ध्या मुलखाला तिखट पुरवणारी ही बाई स्वतः वरणात मिरची दिसली तर ताट बाजूला सारायची.

आत्मकथन लिहायचं हे वय नाही, असं बाबा म्हणतात. त्यासाठी आधी केस पांढरे व्हावे लागतात म्हणे. पत्रक लिहायला वय लागत नाही, असं मी म्हणते, आणि मला दुसरं काही लिहिता येत नाही. बाबांचा छापखाना आमच्या पुढच्या खोलीत होता. ज्याला मोर्चा काढायचा तो आमच्या ओट्यावर यायचा, चहा प्यायचा आणि पत्रक छापून न्यायचा. बिघडलेले कागद घरात वापरले जायचे. आईच्या डब्यांखाली पत्रकं, भाकरीच्या टोपलीत पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. मी वाचायला शिकले तीसुद्धा त्यांवरच, त्यामुळे पुष्कळ दिवस मला वाटायचं की मराठीतलं प्रत्येक वाक्य 'झालेच पाहिजे' असं संपतं. शाळेत पहिल्या निबंधात मी गाईविषयी तसंच लिहिलं होतं. माझं नाव क्रांती आहे. हे नाव बाबांनी ठेवलं आणि आईनं विरोध केला नाही, कारण दुसरा पर्याय याहून कठीण होता.

अशा घरातून मी कला महाविद्यालयात गेले आणि शेवटच्या वर्षी फोटोंच्या संचासाठी 'आभाळ आणि निसर्ग' हा विषय घेतला. बाबांना तो समजला नाही. मी ढगांचे फोटो दाखवले की ते चष्मा लावून एकेक बारकाईनं पाहायचे, कडा तपासायचे, आणि विचारायचे, "मागणी काय शे?" आमच्या बोलीत 'शे' म्हणजे 'आहे'.

"मागणी नही, बाबा. ढग शेतस."

"मंग छापनं कसाले?"

मला याचं उत्तर देता यायचं नाही, म्हणून मी आणखी फोटो काढायचे. कॉलेजचा कॅमेरा गळ्यात घालून एसटीनं प्रकाशा या तीर्थाच्या गावी गेले. तापीच्या पाण्यात आणखी एक आभाळ पडलेलं होतं, ते मी काढत असताना एका यात्रेकरूनं मला खांद्याला धरून देवळाकडे वळवलं आणि म्हणाला, "ताई, मंदिर इकडे आहे." विसरवाडीच्या फाट्यावर ट्रकांच्या धुळीतून मावळणारा सूर्य घ्यायला उभी राहिले, तर एक ड्रायव्हर गाडी बाजूला लावून, केस विंचरून ट्रकला टेकून उभा राहिला. जिथे जाईन तिथे लोक मला फोटो काढण्यासारखं काय आहे ते दाखवायचे, आणि ते कधीच वर नसायचं. मला मात्र वरचंच आवडत होतं. आमच्या घरी प्रत्येक कागद काहीतरी मागत असायचा. आभाळ काही मागत नव्हतं. तेवढ्यासाठी मी त्याच्याकडे पाहायचे, हे आता कळतं.

माझे सर भले होते. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक तरी पुढे मोठ्या शहरातल्या कॉलेजात जावा, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती, आणि ती माझ्यावर येऊन थांबली होती. तिथे प्रवेशाला प्रथम श्रेणी लागायची. सरांनी माझे ढग टेबलावर मांडले, मागे सरकून पाहिले आणि म्हणाले, "क्रांती, ढग सगळीकडेच असतात. ह्यात नंदुरबार कुठे आहे? पथारीवर जा. लाल जमीन, निळं आभाळ. बाहेरून माणसं गाड्या करून येतात त्यासाठी, आणि तुझी तर सख्खी आत्या तिथे आहे."

बाहेरून माणसं यायची हे खरं होतं. त्यांतल्याच कुणाचा तरी फोटो एका वर्षी एका कॅलेंडरवर आला आणि ते कॅलेंडर कुठून तरी आमच्या घरी आलं. लाल समुद्र, त्यात वाकलेल्या बाया. आईनं कौतुकानं खिळ्याला लावलं. फुईनं जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "हाऊ तर भाऊना शर्ट शे." खरंच, खिशाजवळ शाईचा निळा डाग असलेला बाबांचा जुना शर्ट होता. सगळे हसले. फुई मात्र कॅलेंडरपुढून हलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "शर्ट वना फोटोमा. मी कोठे शे?" ते पान पुढचा महिना आला तरी उलटलं गेलं नाही, आणि फुई स्वयंपाकघरात येता-जाता त्या शर्टाकडे पाहायची.

मी सरांचं ऐकून पथारीवर गेले. पहिल्या दिवशी डोळ्यांतून इतकं पाणी आलं की कॅमेऱ्यात काय दिसतं ते कळेना. अंदाजानं एक फोटो काढला आणि तो अप्रतिम आला. लाल जमीन, निळं आभाळ, वाकलेल्या बाया. सर खुर्चीतून उठले. "हा मध्यभागी लावायचा," ते म्हणाले. घरी मी तो फुईला दाखवला. तिनं कॅमेरा हातात घेतला आणि परत दिला.

"माले बी एक फोटो जोयजे. तोंडना," ती म्हणाली.

मी म्हटलं, उद्याच काढू, पथारीवरच काढू.

"मांगे मिरची नही. दिनभर मिरचीज देखस मी. मांगे आभाय जोयजे. बस, आभाय. आनि मिरची दखायनी ना, तर फाडी टाकसू." मग म्हणाली, "आनि त्या लाल फोटोमा मी शे, तो कोठेच लावू नको."

मी शब्द दिला. आमच्या घरात शब्द देणं ही गंभीर गोष्ट होती. पत्रकात कुणी शब्द दिला असेल तर बाबा त्या ओळीसाठी शाई बदलून लाल करायचे.

आता ज्यांनी कधी फोटो काढला नाही त्यांच्यासाठी सांगते. सपाट रानात, चहूकडे मिरची पसरलेली असताना, उभ्या माणसाच्या मागे फक्त आभाळ आणायचं असेल तर एकच मार्ग असतो. फोटो काढणाऱ्यानं जमिनीवर आडवं व्हायचं. आणि तिथली जमीन म्हणजे मिरची. मी बारदान अंथरून त्यावर पाठ टेकली. मुकादम भिका आप्पा लांबून ओरडत आले, "ओ ताई, मिरचीवर झोपाले वनी का? माल शे तो, गादी नही!" बायांच्या फडक्यांच्या आतून हसण्याचे आवाज आले. बारदान हे मिरचीपासून माणसाचं रक्षण करत नाही, ही माहिती मला त्या दिवशी मिळाली. संध्याकाळी आईनं माझ्या पाठीला ताक लावलं, आणि मी जेवणाच्या वेळीही पालथीच होते.

दुसरी अडचण तोंडाची होती. फुईनं फडकं सोडलं आणि तिला असा ठसका लागला की डोळे लाल, नाक लाल, गालांवर धारा. पहिले सगळे फोटो पाहून कुणालाही वाटलं असतं की या बाईवर मोठं संकट कोसळलं आहे. फुईनं स्वतःच उपाय सांगितला. पहाटेच्या दवानं मिरची नरम पडते, धूळ खाली बसते, आणि उन्हं तापून मिरची खडखडीत होईपर्यंत तोंड उघडं ठेवता येतं. कामाला सुरुवात व्हायच्या आधी तेवढा वेळ असतो. दुसऱ्या दिवशी मी उजाडताना तिथे गेले, तर फुई एकटी नव्हती. साऱ्या बाया लवकर आल्या होत्या. शर्ट काढून घडी करून ठेवले होते, तोंडं धुतली होती, एकीनं पावडरचा डबा आणला होता आणि तो रांगेत फिरत होता. वर्षानुवर्षं एकत्र काम केलेल्या त्या बाया एकमेकींचे चेहरे न्याहाळत उभ्या होत्या. "तू इतली गोरी शे? माले वाटे तू मन्हासारखी शे," असं एकीनं दुसरीला म्हटलं, आणि दुसरी पावडर पुसायला लागली.

चिंचपाड्याकडून हंगामासाठी आलेली सुशीला सगळ्यांत घाबरलेली होती. तिनं प्रार्थनेला उभं राहावं तसे हात जोडले.

"हात खाली घे," मी जमिनीवरून म्हटलं.

"मग हातांचं काय करू?"

कलाशिक्षणात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. भिका आप्पा, जे मला हाकलायला आले होते आणि आता बारदानाची घडी धरून उभे होते, ते म्हणाले, "राहू दे ना हात हातना जागे." ते बरोबर होतं. सुशीलानं हात सोडले आणि हसली. तो तिचा फोटो.

फुई शेवटी उभी राहिली. ऊन तिच्या डाव्या गालावर होतं, मागे फिकट निळं, धुतल्यासारखं आभाळ आणि कापूस पिंजून एका कडेला सारावा तसा एक ढग. ती हसली नाही. काहीतरी गंमत ऐकली आहे आणि हसावं की नाही हे ती अजून ठरवते आहे, असा तिचा चेहरा होता. हा चेहरा मी रोज घरी पाहत होते आणि तरी मला तो नवा होता. मी खूप वेळ उठले नाही. पाठ भाजत होती हे कारण अर्धंच खरं आहे.

प्रिंट काढून आणल्यावर बाबांनी ते छापखान्याच्या टेबलावर मांडले. मागणी विचारली नाही. सगळे पाहून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, "बेटा, हाऊ तर श्रद्धांजलीना बॅकग्राउंड शे."

हे मला सुचलंच नव्हतं. तोपर्यंत छापखान्यात फ्लेक्सचं मशीन आलं होतं आणि बाबांच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक प्रसंगाची पार्श्वभूमी तयार असायची. नेत्याच्या वाढदिवसाला सूर्यकिरण, लग्नाला गुलाब, क्लासच्या जाहिरातीला पृथ्वीचा गोल. ढग आणि निळं आभाळ फक्त एका कामाला, 'भावपूर्ण श्रद्धांजली'ला. चौकात आभाळ दिसलं की आपण थांबून विचारतो, कोण गेलं? मी त्या टेबलापाशी पुष्कळ भांडले. जन्मभर खाली मान घालून मिरची उलटणाऱ्या बाईच्या मागे आभाळ यायला तिला आधी मरावं का लागतं? गरिबाला वरचं काही द्यायचं असेल तर तो वर गेल्यावरच द्यायचं, हा कुठला नियम? बाबांनी फोटो एकावर एक रचले. मग म्हणाले, "बरोबर शे. पण लोके तसंच वाचतीस." ते छापणारे होते. लोक काय वाचतात हे त्यांना माहीत होतं.

परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये मी फक्त आभाळापुढच्या बाया लावल्या. लाल फोटो लावला नाही. सरांनी भिंतीच्या मधली रिकामी जागा पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. बाहेर ढग आले होते. पथारीवर ताडपत्र्या ओढल्या होत्या आणि काम बंद होतं, त्यामुळे फुई आणि बाकीच्या फोटो पाहायला येणार होत्या. परीक्षक त्यांच्या आधी आले. बाहेरगावचे, खादीचा कुर्ता, खांद्याला शबनम. दुसऱ्या मुलांच्या भिंतींसमोरून ते चालत चालत गेले, माझ्या भिंतीपाशी थांबले. एकेका चेहऱ्यापुढे उभे राहिले. फुईपुढे आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"सगळ्या एकदमच?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

मला कळलं नाही. "हो सर. एकाच सकाळी."

"अपघात होता का?"

तेव्हा मला कळलं. सरांनाही त्याच क्षणी कळलं, कारण परीक्षकांच्या मागे उभे राहून त्यांनी मला डोळ्यांनी गप्प राहायची खूण केली. "तिला बोलणं जड जातंय, सर," ते म्हणाले. "तिच्या घरातलंही एक माणूस आहे ह्यात." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

परीक्षकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हा शोक फार संयमानं मांडला आहेस तू," ते म्हणाले. "कुठेही आक्रोश नाही. फक्त आभाळ. इतक्या वर्षांत विद्यार्थ्याचं असं काम मी पाहिलं नाही." प्रथम श्रेणी, मोठ्या शहरातलं कॉलेज, सरांची इच्छा, सगळं त्या हाताखाली होतं. मला काही बोलावंही लागणार नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. पण तसं उभं राहिले असते तर फुई भिंतीवर पुन्हा नसती. कॅलेंडरवर तिच्या जागी शर्ट होता, इथे तिच्या जागी प्रेत असतं.

"कुणी मेलेलं नाही, सर," मी म्हटलं. "सगळ्या जिवंत आहेत. पथारीवर मिरची वाळवतात. आज सुटी आहे, येतच असतील."

त्यांचा हात माझ्या डोक्यावरून निघाला. अगदी सावकाश निघाला. "मग आभाळ कशासाठी?"

"त्यांना पाहिजे होतं."

"आणि मिरची?"

"खाली आहे. फोटोच्या बाहेर."

"मग ह्या कामकरी बाया आहेत हे बघणाऱ्याला कळायचं कसं?"

"ते कळायला नको होतं त्यांना, सर."

ते पुन्हा भिंतीकडे वळले. तेच फोटो होते, तेच चेहरे, पण आता परीक्षक ते लवकर लवकर पाहत होते. आणि तेवढ्यात बाया आल्या. ठेवणीतल्या साड्या नेसून, चपला दाराशी ओळीनं काढून आत शिरल्या, आपापल्या फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या. परीक्षकांच्या शेजारी फुई होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं.

"आपण… बऱ्या आहात ना?" त्यांनी विचारलं.

"मी बरी शे," फुई म्हणाली. "तुम्ही बसी जा, भाऊ. तुमले घाम उना."

मला द्वितीय श्रेणी मिळाली. शेऱ्यात 'विषयाशी सुसंगती कमी' असं होतं. खरंच होतं ते. सर काही दिवस बोलले नाहीत, मग एकदा छापखान्यात आले, चहा प्यायले आणि सुशीलाच्या फोटोची एक प्रत मागून घेऊन गेले. मोठ्या शहरातलं कॉलेज राहिलं. मी आता बाबांच्या मशीनवर फ्लेक्स करते. बारशाच्या फ्लेक्सला आभाळ लावून पाहिलं, तर बाळाच्या आजोबांनी आमच्या ओट्यावर येऊन आरडाओरडा केला. मी अजून प्रयत्न सोडलेला नाही.

फुईचा फोटो चौकटीत बसवून आम्ही बाहेरच्या खोलीत लावला. दोन-तीन दिवसांत समोरच्या मंगलाकाकू धान्य निवडता निवडता आमच्या दारातून आत डोकावल्या, त्यांना चौकट दिसली, मागचं आभाळ दिसलं. त्या सूप तिथेच टाकून आत आल्या, भिंतीशी बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. "आम्हाला कळवलंसुद्धा नाही," असं त्या आईला म्हणत होत्या. फुईनं आतून तांब्या-भांडं आणून त्यांच्यापुढे ठेवलं. काकूंनी पाणी घेतलं, प्यायल्या, भांडं परत देताना वर पाहिलं आणि मग किंचाळल्या.

त्यानंतर घरात चर्चा झाली. आई म्हणाली, फोटो कपाटात ठेवू, पुढे लागेल तेव्हा काढू. बाबा म्हणाले, चौकटीखाली एक ओळ छापून लावतो, 'हयात आहेत' म्हणून. फुई भाकर कुस्करत ऐकत होती. दूध ओतून झाल्यावर म्हणाली, "जिती शे तवलगुन ऱ्हाऊ द्या भिंतवर. मरसू तवय काढी टाका."

तो अजून तिथे आहे. फुई अजून पथारीवर जाते, आणि येता-जाता त्याच्याकडे पाहत नाही, कारण तो आहे हे तिला माहीत आहे.

तुमच्या घरात, शेतात, गल्लीत राबणारी एक तरी बाई असेल, जिचा एकटीचा फोटो कुठल्याच भिंतीवर नाही. हे पान मिटल्यावर तिच्याकडे जा. मागे काय पाहिजे ते तिला विचारा, आणि तिनं जे सांगितलं तेच घ्या, त्यासाठी जमिनीवर आडवं व्हावं लागलं तरी. फोनमध्ये ठेवू नका. प्रिंट काढा, चौकट करा आणि ती स्वतः येऊन बघू शकते तोवर भिंतीवर लावा.